सांगितलेलं जातं कुठे?

प्रश्न इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत, बायो घेतलंय. आठवीपर्यंत शाळेतून आली की बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. एकदा तर वर्गातला एक मुलगा आवडतो हेसुद्धा येऊन सांगितलं होतं, आम्ही सगळे किती हसलो होतो! आता खोलीचं दार बंद. विचारलं तर 'काही नाही', 'ठीक', 'नंतर सांगते'. मैत्रिणींशी मात्र तास तास बोलते. आमचं काय चुकतंय? या वयातल्या मुलांना आई-बाबांनी नेमकं काय समजून घ्यायला हवं असतं?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, त्या 'किती हसलो होतो' मध्ये. त्याकडे येतेच, पण आधी जरा मागून सुरुवात करू द्या.

मी इंदुरात चोवीस वर्षं मुलांचं समुपदेशन करते. आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत, बाकीचे दिवस घराला लागून असलेल्या खोलीत. दर वर्षी पालकसभेच्या आधी नववी ते अकरावीच्या वर्गांत मी श्रीखंडाचा रिकामा डबा फिरवते. कागदाच्या चिठोऱ्यावर प्रत्येकानं एकच गोष्ट लिहायची, आई-बाबांना कळावी असं वाटतं पण सांगता येत नाही अशी. नाव नको, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, मोबाइल हवा, गाडी हवी असंच निघेल. तसं लिहिणारे दोन-चार असतातच. पण बाकीचा डबा वेगळाच असतो. "सकाळी उठवत नाही म्हणजे मी आळशी नाही." "पाहुण्यांसमोर मला बोलावून मार्क विचारू नका." "तुमचं भांडण झालं की मला मध्ये निरोप द्यायला लावू नका, दोघंही एकाच खोलीत असता." "पापा मेरी बात सुनते हैं, पर सुनते-सुनते ही सॉल्यूशन दे देते हैं." आणि एक चिठ्ठी दर वर्षी निघते, अक्षर बदलतं, भाषा बदलते, मजकूर तोच: "मम्मी को कुछ भी बताओ, शाम तक मौसी को पता होता है."

आपली तक्रार अशी की मुलं बोलत नाहीत. त्यांच्याकडून ऐकलं तर कळतं की बोलायला त्यांना आवडतं, फक्त बोललेलं कुठे जातं याचा त्यांना आता अनुभव आहे. आठवीतल्या मुलीला तो नसतो. म्हणून ती बूट काढायच्या आधी बोलते.

शहर केवढंही वाढलं तरी आपलं मराठी इंदूर अजून एका मोठ्या वाड्याएवढंच आहे. भिशी, भगिनी मंडळ, गणपतीतले कार्यक्रम, सानंद या आपल्या मराठी नाट्यसंस्थेच्या नाटकाचं मध्यंतर. राजेंद्र नगरातली गोष्ट रामबागेत पोचायला एक मध्यंतर पुरतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आईला बहिणीशी बोलायचं असतं, मन मोकळं करायचं असतं, आणि तिच्याजवळ बोलण्यासारखं सगळ्यात जिवाभावाचं काय असतं तर मुलंच. पण ज्याची गोष्ट आहे त्याला ती आत्याच्या तोंडून परत ऐकायला मिळते, तेव्हा त्याचं काय होतं ते मी खुर्चीत बसून पाहते.

एका मुलाचं सांगते. या उत्तरातल्या सगळ्याच मुलांचे तपशील मी इकडचे तिकडे केले आहेत. विषयच असा आहे की तसं केलं नाही तर माझंच बोलणं मी खोडून काढल्यासारखं होईल. दहावीतला मुलगा. आजोबांनी अथर्वशीर्ष शिकवलेलं, पाचवीपासून कॉलनीच्या गणपतीत तोच म्हणायचा. त्या वर्षी त्याचा आवाज फुटत होता. 'त्वं ज्ञानमयो विज्ञानमयोऽसि'पर्यंत धड आला आणि पुढच्या ओळीला आवाज एकदम किंचाळल्यासारखा वर गेला. कुणीतरी मोबाइलवर टिपत होतंच. संध्याकाळपर्यंत तो तुकडा घरच्या ग्रुपवर. देवासच्या काकांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा टाकला, त्याखाली आत्यानं, त्याखाली पुण्याच्या भावंडांनी. मुलगा माझ्याकडे आला तो आठ महिन्यांनी, आणि तोही अभ्यासात लक्ष नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत त्यानं खिशातून फोन काढला, आठ महिने मागे सरकवत सरकवत तो व्हिडिओ शोधला आणि माझ्यासमोर धरला. व्हिडिओ चालू केला नाही. खालचे चेहरे बोटानं मोजले. "बावीस," म्हणाला. "बावीस लोग हसले. आई पण."

आईला विचारलं तेव्हा ती बिचारी गडबडली. "अहो, कौतुकानं हसलो. किती गोड वाटत होता!" ते खरंच होतं. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यांचा नवा अंदाज यायला काही महिने जातात, तोवर आवाज मध्येच दगा देतो. घराला हे गोड वाटतं. मुलाला वाटतं, माझं शरीर माझ्या हातात राहिलं नाही आणि त्याचा खेळ बावीस जणांनी पाहिला. त्यानं पुढच्या वर्षी अथर्वशीर्ष म्हटलं नाही. "आता मोठा झाला, लाजतो," असं घरात ठरलं.

दुसऱ्यांच्या आयांबद्दल एवढं लिहिलं, तर आता माझंही लिहायला हवं. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिच्या जिवलग मैत्रिणीनं तिच्याशी बोलणं सोडलं. आठवडाभर तिनं मधल्या सुट्टीत डबा शाळेच्या बाथरूममध्ये बसून खाल्ला. हे तिनं मला रात्री दिवा बंद केल्यावर सांगितलं. महिन्याभरानं एका मंडळात पालकांसाठी माझं व्याख्यान होतं. मुलांचं एकटेपण कसं दिसत नाही हे सांगताना मी म्हणाले, "माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे..." आणि डब्याची गोष्ट सांगितली. सभागृह अगदी शांत झालं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. तिसऱ्या रांगेत त्या मैत्रिणीची आई बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत व्हायचं ते झालं. मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "तुला टाळ्या पडल्या का?"

मानसशास्त्राची पदवी भिंतीवर टांगलेली होती त्या खोलीत हा प्रश्न मला विचारला गेला. हे इथे लिहायच्या आधी मी तिला विचारलं आहे. आता ती सव्वीस वर्षांची आहे, लिही म्हणाली.

सांगितलेलं बाहेर जातं, हा झाला एक भाग. दुसरा भाग घरातल्या घरात होतो आणि तो जास्त घात करतो. मुलगी एके संध्याकाळी सहज म्हणते, आज फिजिक्समध्ये काहीच कळलं नाही. आपण 'बरं' म्हणतो. पंधरा दिवसांनी ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जायचं म्हणते, आणि आपण ते फिजिक्स बाहेर काढतो. "तूच म्हणाली होतीस ना कळत नाही म्हणून? मग?" आपल्याला वाटतं आपण मुद्द्याचं बोललो. तिनं मात्र मनात नोंद केली की इथे जे बोलावं ते जपून ठेवलं जातं आणि पुढे आपल्याविरुद्ध मांडलं जातं. असं चार वेळा झालं की मूल काय बोलेल? 'काही नाही', 'ठीक', 'नंतर सांगते'. पोलिसांसमोर शहाणा माणूस एवढंच बोलतो.

मुलांना तुम्ही काही विसरावं असं वाटत नाही. आठवण कुठे काढता याकडे त्यांचं लक्ष असतं. फिजिक्सबद्दल काळजी असेल तर ती फिजिक्सच्याच वेळी बोला. वाढदिवसाचं 'नाही' म्हणायचं असेल तर वाढदिवसाच्या कारणानं म्हणा. लांब आहे, उशीर होईल, कोण सोबत आहे माहीत नाही. 'नाही' या शब्दाला मुलं आपण समजतो तेवढी घाबरत नाहीत. माझ्या डब्यात 'नियम काढून टाका' असं लिहिणारे अगदी थोडे निघाले. नियम रोज बदलतो, आई एक सांगते आणि बाबा दुसरं, दादाला एक आणि मला एक, याबद्दल मात्र पुष्कळ.

बाबांचा आजार वेगळा, तो म्हणजे तोडगा. मुलगा म्हणतो, बास्केटबॉलच्या टीममध्ये नाव आलं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा सांगतात: कोचशी मी बोलतो, नाहीतर क्लब बदलू, नाहीतर आता अभ्यासावर लक्ष दे, जे होतं ते चांगल्यासाठी. चार वाक्यांत तीन तोडगे आणि एक तत्त्वज्ञान. मुलाला त्या क्षणी कुणीतरी 'अरेरे' म्हणायला हवं होतं. एका बाबांना मी सांगितलं की आधी विचारत जा, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" सरळमार्गी गृहस्थ, बँकेतले. त्यांनी त्याच संध्याकाळी मुलासमोर बसून हात जोडल्यासारखे करून अगदी कर्ज-मंजुरीच्या सुरात विचारलं. मुलाला हसू आवरेना. पण त्यानं सांगितलं मला, "मॅडम, पापांनी ट्राय तर केलं."

समोरासमोर बसवून 'बोल, काय झालंय' म्हटल्यावर फार थोडी मुलं बोलतात. डोळ्यांत डोळे घालून मनातलं सांगणं मोठ्यांनाही जड जातं. शेजारी शेजारी असताना, हाताला काम असताना, अंधारात, गाडीवर मागे बसून मुलं बोलतात. आपल्याकडे त्याची सोय आयती आहे. दागिन्यांची दुकानं बंद होऊन सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात त्या वेळी थंडीत एखाद्या मुलाला स्कूटरवर मागे घेऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जा. जाताना काही विचारू नका. येताना, रस्ते मोकळे झालेले असतात, मागून आवाज येतो, "बाबा, एक बात बोलू?" त्या वेळी गाडी बाजूला घेऊन मागे वळून बघायचं नाही. चालवत राहायचं, हळू.

आता 'आम्ही हाक मारतो आणि तिला ऐकूच येत नाही' याबद्दल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवून त्यांचे मेंदू स्कॅन केले. लहान मुलांच्या मेंदूतले आनंदाशी आणि महत्त्वाशी जोडलेले भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. साधारण तेरा वर्षांच्या पुढे हे उलटलं, अनोळखी आवाजाला जास्त. आईचा आवाज ओळखू येत नाही असं अजिबात नाही, तो तर चटकन ओळखतात. पण ज्या वयात घराबाहेरच्या जगात जागा करायची असते त्या वयात कान बाहेर लागतात. तुमच्या मुलीचे मैत्रिणींशी तास तास चालणारे फोन यात येतात. ती तुमची जागा मैत्रिणीला देते आहे असं वाटून घेऊ नका. सोळाव्या वर्षी जी मुलगी फक्त आईशीच बोलते, तिची मला खरं तर जास्त चिंता वाटते.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलू द्या, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सुचायचं नाही. आपल्यापैकी अनेकांची घराणी होळकरांच्या चाकरीत इकडे आली. पिढ्यान् पिढ्या आपण घरात मराठी टिकवली, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण आपली मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर 'क्या भिया' आणि घरात मराठी असं तीन मजल्यांवर राहतात. भांडणं हिंदीत होतात, प्रेमं हिंदीत होतात, मित्रानं दिलेला दगा हिंदीत असतो. ते सगळं घेऊन मूल घरी येतं आणि म्हणतं, "आई, उसने सबके सामने मेरी बेइज्जती की." आणि आई म्हणते, "आधी मराठीत बोल." किंवा अपमान हा शब्द शिकवते. एका मुलीनं मला सांगितलं, "मी रडत होते आणि आजी म्हणाली, 'रडून राहिले' नाही म्हणायचं, 'रडते आहे' म्हणायचं."

मला हसू आलं होतं, कबूल करते. आजीचं व्याकरण बरोबर होतं. पण रडण्याला कुठल्या भाषेत वाट मिळते ते रडणाऱ्याला ठरवू द्या. भाषा जेवताना सुधारा, आरतीला सुधारा, दिवाळी अंक मोठ्यानं वाचून सुधारा. मूल काही सांगायला आलं असेल तर त्या दहा मिनिटांत ते ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्या. आणि एक गंमत बघा, मन हलकं झालं की मुलं आपोआप मराठीवर येतात. 'भूक लागली' हे मी तरी अजून कुणाला हिंदीत म्हणताना ऐकलं नाही.

झोपेचं पटकन सांगते, कारण त्यात वादाला जागा नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं आणि सकाळी उशिरापर्यंत राहतं. मेरी कार्स्काडन या संशोधिकेनं १९७० च्या दशकापासून मुलांच्या झोपेवर केलेल्या कामातून हे पुढे आलं. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते. शाळेची बस साडेसहाला आणि भंवरकुआच्या कोचिंगमधून परत यायला रात्रीचे साडेनऊ, हा हिशोब तुम्हीच मांडा. फोन उशाशी असेल तर तो बाहेर ठेवायचा नियम जरूर करा, पण सगळ्यांचे फोन, बाबांचासुद्धा. रविवारी नऊला उठलेल्या पोरीला 'सूर्य डोक्यावर आला' म्हणून दिवसाची सुरुवात करून देऊ नका.

'मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो' हे वाक्य हल्ली सगळ्या पालकांना पाठ झालंय. खरं आहे, पण ते मुलांच्या तोंडावर फेकायला लागल्यापासून मला त्याचा कंटाळा आलाय. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा एक प्रयोग आहे: गाडी चालवायचा खेळ, पिवळ्या सिग्नलला थांबायचं की दामटायचं. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकाच धोका पत्करत होती. मित्र बघताहेत असं कळलं की मुलांचं धोका घेणं वाढायचं, मोठ्यांचं तेवढंच राहायचं. म्हणजे अक्कल आहे, मित्रांसमोर ती वापरणं कठीण जातं. तेव्हा 'तुला कळत नाही का' या प्रश्नाला अर्थ नाही. त्यापेक्षा मित्रांसमोर मान खाली न जाता निसटायची एक वाट तिला देऊन ठेवा. माझ्या मुलीशी माझं ठरलं होतं, तिनं फोनवर 'आजीचं बीपी कसं आहे' विचारलं की मी ओरडून म्हणायचं, ताबडतोब घरी ये. दोनदा वापरलं तिनं. आजींचं बीपी शेवटपर्यंत उत्तम होतं.

पुण्याच्या मावसबहिणीशी तुलना करू नये, हे मी सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे आणि तरी तुम्ही करता. मीही करायचे.

मोबाइल तपासावा का, असं पत्रात विचारलं नाहीत, पण माझ्याकडे येणारी प्रत्येक आई तिसऱ्या वाक्याला विचारतेच. बारा-तेराव्या वर्षी फोन देतानाच 'मी अधूनमधून बघणार' असं सांगून बघणं वेगळं. सोळाव्या वर्षी ती अंघोळीला गेल्यावर बघणं म्हणजे डायरी वाचणं. त्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. चोरून वाचलेलं उघड वापरता येत नाही आणि न वापरता राहवत नाही. मग आया आडून आडून प्रश्न विचारतात, आणि मुलींना पाचव्या मिनिटाला कळतं. त्यानंतर पासवर्ड बदलतो, आणि घरातली उरलीसुरली दारंही.

आता अपवाद, आणि इथे मी ठाम आहे. मूल माझ्याकडे पहिल्यांदा येतं तेव्हा मी त्याला आधीच सांगते: इथलं बाहेर जाणार नाही, पण तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा कुणी तुझ्याशी अंगचटीला जात असेल, तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगणार ते तुला सांगूनच सांगेन. शेवटच्या बाबतीत तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. घरातही हीच हद्द आखा, आधी आणि मोकळेपणानं. 'कुणाला सांगू नकोस हं आई' असं म्हणून मूल काही सांगायला लागलं तर डोळे झाकून शपथ घेऊ नका. "तुझा जीव धोक्यात असेल तर मला सांगावं लागेल, बाकी माझ्या पोटात राहील," असं म्हणा. मुलं हे मान्य करतात. खोट्या शपथेपेक्षा त्यांना ते बरं वाटतं.

मे महिन्याच्या उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, दोन आठवड्यांहून जास्त जेवणाखाणाची आणि झोपेची घडी विस्कटलेली, मैत्रिणीही सुटलेल्या, 'मी नसले तर बरं' अशी वाक्यं, यातलं काही दिसलं तर दार बंद असण्याचा मान राखत बसू नका. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला कुणीतरी सापडतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट. मुलांसाठीची मदत १०९८ वर मिळते. आणि या बाबतीत 'लोक काय म्हणतील'साठी एक दिवससुद्धा थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तुमच्या पत्रावरून तुमच्या मुलीचं तसं काही वाटत नाही. मैत्रिणी आहेत, शाळा चालू आहे, घरात जेवते. पण पत्रावरून सगळं कळत नाही, तेव्हा तुम्ही बघा.

तर आता तो मुलगा, ज्याच्यावर तुम्ही सगळे हसला होतात.

आठवीत असताना ती एक नवी, मोठी गोष्ट घेऊन तुमच्याकडे आली. घरच्यांपैकी कुणाला तरी तिनं ती पहिल्यांदा सांगितली होती आणि त्यासाठी तुम्हाला निवडलं होतं. तुम्ही लिहिता 'आम्ही सगळे'. म्हणजे ती सांगायला आली एकटीला, आणि हसले सगळे. बाबा, आजी, कदाचित मावशी फोनवर. पुढच्या राखीला कुणीतरी त्या मुलाच्या नावानं चिडवलंही असेल, बहुतेक घरांत चिडवतात. तुम्हाला तो दिवस लाडका वाटतो, तिला कसला वाटतो ते ठाऊक नाही. दार त्याच दिवशी बंद झालं असं मी म्हणणार नाही, वयाचाही भाग आहे. पण कडी तिथे बसली असावी.

माफी मागा. आणि ती कशी मागायची ते मी माझ्या चुकीवरून सांगते. डब्याच्या गोष्टीनंतर मी मुलीची पहिल्यांदा जी माफी मागितली त्यात 'पण' होता. मी नाव घेतलं नव्हतं पण, लोकांना उपयोग व्हावा म्हणून पण. तो खुलासा होता, आणि तिला तो बरोबर ओळखू आला. दुसऱ्यांदा, बऱ्याच दिवसांनी, मी एवढंच म्हणाले की तू मला सांगितलेली गोष्ट मी लोकांत सांगितली, ती माझी नव्हती, चुकलं माझं. ती म्हणाली, "हं." आणि मटार सोलत राहिली. पुढचे कितीतरी महिने काहीच बदललं नाही. मग एकदा पोळ्या करताना मागे येऊन उभी राहिली. काय सांगितलं ते इथे अर्थातच लिहिणार नाही.

तुम्हीही दोन-तीन वाक्यांतच म्हणा. भाजी निवडताना, गाडीवर, कुठेही, फक्त तिला समोर बसवून नको. त्यानंतर 'मग आता सांग ना मला सगळं' हे पुढचं वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. बहिणीला फोन करून 'मी आज तिची माफी मागितली' हेही सांगू नका, कारण त्या क्षणी ती माफी मावशीची झाली. घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकायच्या आधी तिला दाखवा, नको म्हणाली तर कारण विचारू नका. आणि तिनं एखादी अगदी फालतू गोष्ट सांगितली, कॅन्टीनच्या समोशाची, बाईंच्या नव्या चष्म्याची, तर ती पुरी ऐका. मुलं आधी समोसा पाठवून बघतात, तो कुठे जातो ते.

जाता जाता एक. पत्रात तुम्ही 'बायो घेतलंय' लिहिलंय, कुणी घेतलं ते लिहिलं नाही. ते तिला कधीतरी विचारावं लागेल. पण ते पहिल्या महिन्यात नको, आधी समोशाचं होऊ द्या.